सॅशेतली लाटे आणि कॅपुचिनो घरी नीट कशी करावी

सॅशेतल्या कॅपुचिनोला नावं ठेवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती भलत्याच मापाच्या मगात केलेली असते. पाकिटावर १५० मिली पाणी लिहिलेलं, मग ३०० मिलीचा, आणि तो गळ्यापर्यंत भरल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. मग पहिल्या घोटाला ‘पांचट’ असा निकाल लागतो आणि उरलेली पाकिटं फडताळात गणेश चवथीच्या पाहुण्यांची वाट बघत पडतात.

पूड कशी असावी हे कारखान्यात ठरून गेलेलं असतं. आपल्या हातात उरतं ते पाणी: किती घालायचं, किती गरम घालायचं आणि कशा रीतीने घालायचं. ते जमलं तर साध्या पाकिटातूनही बरा कप निघतो. गोव्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे हवेतला दमटपणा. त्याकडे पुढे येऊ.

पाकिटात असतं काय

कॅफेत लाटे किंवा कॅपुचिनो मागवली की साधारण ३० मिली एस्प्रेसो (मशीनने दाबाखाली काढलेली कडक कॉफी) आणि वाफेवर तापवलेलं दूध मिळतं. कॅपुचिनोचा कप लहान, १५० ते १८० मिलीचा, आणि वर फेसाचा जाड थर. लाटेत दूध जास्त, फेस पातळ, कॉफीचा कडवटपणा मवाळ.

सॅशेत एस्प्रेसो नसतो. साखर, दूध पावडर किंवा क्रीमर (दुधाऐवजी वापरायची पूड), ग्लुकोज सिरपची पावडर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड), आणि इन्स्टंट कॉफी असा तो माल असतो. कॉफीचं प्रमाण अनेक पाकिटांत दहा टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे १५ ग्रॅमच्या पाकिटात दीड ग्रॅम. फेसासाठी वेगळी पूड असते. तिच्या कणांत दाबाखाली हवा किंवा नायट्रोजन कोंडलेला असतो. गरम पाण्यात कणाचं कवच विरघळलं की वायू बाहेर पडतो आणि दुधातलं प्रथिन त्याचे बुडबुडे धरून ठेवतं. बिना मशीनचा फेस येतो तो असा.

त्यामुळे या कपाची तुलना पणजीतल्या कॅफेतल्या कपाशी करू नये. ते वेगळं पेय आहे. गोड, दुधाळ, कॉफीच्या वासाचं, दोन मिनिटांत होणारं. एवढीच अपेक्षा धरली तर चांगलं पाकीट आणि वाईट पाकीट यांतला फरक चटकन कळतो.

आधी सुटी पाकिटं घ्या

दहा किंवा वीस सॅशेंचा डबा सवलतीत दिसला तरी पहिल्या खेपेला घेऊ नका. सुटी पाकिटं मिळतात तिथून दोन कंपन्यांची लाटे आणि दोन कंपन्यांची कॅपुचिनो, एवढं पुरे. घेताना मागची बाजू वाचा. अक्षरं बारीक असतात, चष्मा लावा.

आपल्याकडच्या लेबलांवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. साखर पहिली असेल तर पाकिटात सगळ्यात जास्त साखर आहे, इतकं ते सरळ आहे. दूध पावडर पहिली किंवा दुसरी असलेलं पाकीट चवीला सहसा भरीव लागतं. ग्लुकोज सिरप आणि वनस्पती तेल वर असेल तर तोंडात एक मेणचट थर राहतो. काहींना तो आवडतोही, मला नाही आवडत.

मग चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, पाहा. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि चिकोरीचं प्रमाण लेबलवर द्यावं लागतं. चिकोरीने रंग गडद येतो, चवीला किंचित कॅरमलसारखा कडवटपणा येतो, पण तिच्यात कॅफीन नसतं. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीची सवय असलेल्यांना ती चव ओळखीची वाटेल. लाटेत मात्र चिकोरी जास्त झाली की कॉफीचा वास दबतो.

पाकिटाचं वजन बघायला विसरू नका. कुठलं १२ ग्रॅमचं, कुठलं २५ ग्रॅमचं, आणि दोन्हींवर ‘एक कप’ असंच छापलेलं. किंमत पाकिटावर न जोखता ग्रॅमवर जोखा.

शेवटी पाकीट हातात धरून हलवा. पूड आत सळसळली पाहिजे. ढेकळासारखी एकाच जागी बसली असेल तर कुठून तरी ओल शिरली आहे. पावसाळ्यात दुकानाच्या दाराशी टांगलेल्या माळांमध्ये असं पाकीट हमखास सापडतं, म्हणून आतल्या फळीवरचं मागा.

माप ठरवा

रोजचा मग घ्या आणि त्यात १५० मिली पाणी नेमकं कुठवर येतं ते एकदा बघून ठेवा. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर काम सोपं: १५० ग्रॅम पाणी म्हणजे १५० मिली. काटा नसेल तर अर्ध्या लिटरची भरलेली बाटली तीन सारख्या मगांत ओता. प्रत्येकात साधारण १६५ मिली येईल, त्याहून एक मोठा चमचा कमी भरा. मगाचा निम्माच भाग भरलेला दिसेल. तो तसाच असायचा आहे. डोळ्याला खटकत असेल तर लहान कप काढा. चहाचे जुने कपबशीतले कप या कामाला फार छान.

पहिला कप पाकिटावरच्या मापानेच करा. दुसऱ्यांदा त्याच पाकिटाला २० मिली पाणी कमी घाला. माझ्या जिभेला बहुतेक पाकिटं कमी पाण्यातच बरी लागतात, विशेषतः कॅपुचिनो. १२ ग्रॅमच्या पाकिटाला १५० मिली पाणी झेपतच नाही, त्याला ११० ते १२० मिली पुरे.

पाणी

फोंडा, पणजीकडे ओपा जलप्रकल्पाचं पाणी येतं, मडगाव-वास्कोकडे साळावली धरणाचं. दोन्ही पिण्याला ठीक, पण कधीकधी क्लोरीनचा वास जाणवतो आणि दुधाळ कॉफीत तो लगेच नाकात बसतो. इलेक्ट्रिक किटली पाणी उकळलं की आपोआप बंद पडते, त्यामुळे वास पुरता जात नाही. अशा दिवशी पातेल्यात झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं खळखळ उकळू द्या. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं. ते कॉफीला वापरू नका, चव मरते.

आता तापमान. उकळतं पाणी थेट पुडीवर ओतलं तर फेस भसकन वर येतो, मोठे बुडबुडे धरतो आणि बघता बघता फुटतो. पाणी कोमट असेल तर उलट होतं: पूड विरघळत नाही, गुठळ्या तरंगतात आणि वायू नीट सुटतच नाही. ८० ते ८५ अंश सेल्सियस ही बेताची जागा. थर्मामीटर नसला तरी हे साधतं. गोवा समुद्रसपाटीला, त्यामुळे पाणी जवळजवळ १०० अंशांना उकळतं. चार भाग उकळत्या पाण्यात एक भाग पिण्याचं साधं पाणी मिसळलं की मिश्रण ८५ च्या आसपास येतं. १५० मिलीच्या कपासाठी म्हणजे १२० मिली उकळतं आणि ३० मिली साधं. गार मगात ओतल्यावर आणखी दोन-तीन अंश उतरतात, ते चालतं. फ्रिजमधलं पाणी मात्र घेऊ नका, हिशोब बिघडतो.

हा खटाटोप नको असेल तर गॅस बंद करून झाकण काढा आणि पाणी दीड-दोन मिनिटं राहू द्या. बुडबुडे पूर्ण थांबलेले, वाफ अजून निघते आहे, अशा वेळी ओता.

आता कप करा

मग आणि चमचा कोरडे हवेत. धुतलेला मग नुसता झटकून घेतला तर तळाच्या थेंबांत पूड चिकटते आणि ती शेवटपर्यंत सुटत नाही.

पाकीट उघडण्याआधी दोन-तीनदा उलटसुलट करा. साखर जड आणि फेसाची पूड हलकी असल्यामुळे प्रवासात ती वेगवेगळी बसलेली असते. मग सगळं पाकीट मगात रिकामं करा. अर्धं आज, अर्धं उद्या असं करू नका. अर्ध्यात साखर जास्त आणि दुसऱ्या अर्ध्यात फेस जास्त असं वाटप होतं, शिवाय उघडलेल्या पाकिटाचं आपल्या हवेत काय होतं ते खाली सांगतोच.

पुडीवर दोन मोठे चमचे गरम पाणी घाला आणि वीसेक सेकंद जोरात ढवळा. चमचा मगाच्या तळाला आणि कडांना घासला पाहिजे. दाट, चकचकीत, गुठळी नसलेलं मिश्रण तयार होईल. ही पायरी लोक गाळतात आणि तळाशी राहणाऱ्या चिकट गाळाचा दोष कंपनीला देतात.

उरलेलं पाणी वीतभर उंचीवरून बारीक धारेने, मगाच्या मधोमध ओता. धारेबरोबर हवा शिरते आणि फेस उठतो. ओतून झाल्यावर चमचा लगेच घालू नका. अर्धा मिनिट थांबा, बुडबुडे बारीक होऊन फेस दाटतो. मग तळापासून एकच सावकाश फेरा द्या, म्हणजे खाली बसलेली साखर वर येईल आणि फेस मोडणार नाही.

दुधाची कॉफी आपल्याकडे पातेल्यात उकळून करतात, त्यामुळे सॅशेही पातेल्यात टाकून गॅसवर ठेवण्याचा मोह होतो. त्याने फेस जातो आणि दूध पावडर तळाला लागते. गार झालेला कप मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा तापवला तर पिता येतो, पण फेस काही परत येत नाही.

चाखायचं कसं

दोन पाकिटांत निवड करायची असेल तर दोन्ही कप एकाच वेळी, सारख्या मगांत, सारख्या पाण्यात करा. काल प्यायलेल्याची आठवण आणि आजचा घोट यांची तुलना फसवी असते. घरातल्या कुणाला तरी मग अदलाबदल करून द्यायला सांगा, म्हणजे पाकिटावरचं नाव जिभेच्या आड येणार नाही.

कढत असताना गोडी कमी कळते. चार-पाच मिनिटांनी घोट घ्या आणि पाणी पिऊन तोंड साफ करत एकाआड एक चाखा. पहिल्यांदा जाणवते ती गोडी. ती ओसरल्यावर कॉफीचा कडवटपणा मागे उरतो का ते बघा, कारण तो उरला नाही तर पाकिटात कॉफी नावालाच आहे. गिळल्यानंतर टाळूवर चिकटा राहतो का, फेस पाच मिनिटं टिकतो का, मग रिकामा झाल्यावर तळाशी काय दिसतं, हेही ध्यानात घ्या.

हे सगळं रिकाम्या तोंडी. नंतर तुम्ही रोज जे खाता त्याच्याबरोबर पुन्हा एकदा प्या, कारण चव तिथेच ठरते. पदेराने, म्हणजे पाववाल्याने, आणलेली गरम पोळी (कोंड्याचा पाव) किंवा कडक उंडो याबरोबर गोडसर लाटे चांगली जाते. बिबिंक किंवा नेवरीसारख्या गोडाबरोबर तीच लाटे पाणचट लागते, तिथे कॅपुचिनो बरी, आणि साधी काळी कॉफी तर त्याहून बरी.

आपल्या जिभेला वळवून घेताना

फार गोड वाटली तर पाणी वाढवू नका. पाव ते अर्धा चमचा साधी इन्स्टंट कॉफी पुडीत आधीच मिसळा. गोडी तेवढीच राहते, पण तिच्यासमोर कॉफी उभी राहते. माझ्या मते या सगळ्या लेखात पैसे वसूल करणारी युक्ती हीच, कारण बहुतेक पाकिटांत उणीव कॉफीचीच असते.

पातळ वाटली तर निम्मं पाणी, निम्मं गरम दूध घ्या. दूध उकळून थोडं निवलेलं असावं, साय काढलेली असावी. पहिल्या ढवळण्याला मात्र पाणीच वापरा, दुधात पूड हट्टीपणा करते.

आणि जायफळ. मराठी घरातल्या कॉफीला जायफळाचा वास नसेल तर आजीच्या पिढीला ती कॉफी वाटतच नाही, आणि गोव्यात तर ते कुळागरातच पिकतं. सावई-वेरे, केरीच्या बागांत सुपारीच्या सावलीत जायफळाची झाडं असतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अख्खं जायफळ आणा, दळलेली पूड नको. किसणीवर दोन-तीन वेळा ओढलं की एका कपाला पुरतं, आणि ते शेवटी, फेसावर. पुडीबरोबर आधीच घातलं तर वास वाफेबरोबर निघून जातो. प्रमाण वाढवू नका. जायफळ जास्त पोटात गेलं तर गरगरतं, मळमळतं. वेलदोडा या कॉफीत मला पटत नाही, तो सगळ्यांवर स्वार होतो. दालचिनी चालेल.

मे महिन्यात गरम कप कुणाला नको वाटतो. तेव्हा पूड ४० मिली गरम पाण्यात नीट विरघळवा, पाच मिनिटं निवू द्या, मग झाकणाच्या बरणीत ८० मिली थंडगार दूध आणि तीन-चार बर्फाचे खडे घालून अर्धा मिनिट जोरात हलवा. निवू दिल्याशिवाय झाकण लावायचं नाही. कोंडलेल्या वाफेने ते उडतं आणि कॉफी छताला लागते. या पद्धतीत लाटेचं पाकीट कॅपुचिनोपेक्षा सरस ठरतं.

पाहुणे आले तर

सॅशे खरी उपयोगी पडते ती इथे. चवथीला घरात दहा-बारा माणसं, गॅसवर मोदकांचं पातेलं, आणि कुणाला चहा तर कुणाला कॉफी. अशा वेळी थर्मास आधी गरम पाण्याने खंगाळून घ्या आणि उकळतं पाणी भरून ठेवा. ताटात कप मांडून प्रत्येकात कोरडी पूड घाला. माणूस येईल तसं दोन चमचे पाणी, ढवळणं, मग धार. चांगल्या थर्मासमधलं पाणी तासाभरानेही ८५ अंशांच्या वरच असतं, म्हणून ओतताना त्यात थोडं साधं पाणी मिसळा. सगळ्यांची एकत्र मोठ्या भांड्यात करून कपांत ओतायला गेलात तर पहिल्या दोघांना फेस आणि बाकीच्यांना गढूळ पाणी मिळेल.

उपासाच्या दिवशी कॉफी चालते असं समजून सॅशे पुढे करू नका. ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन बहुतेक वेळा मक्याचं असतं, आणि ज्या घरी उपासाला मका वर्ज्य आहे तिथे ते चालणार नाही. साधी इन्स्टंट कॉफी आणि दूध द्या, प्रश्नच मिटतो.

साखर, कॅफीन वगैरे

पोषणाचा तक्ता दर १०० ग्रॅमला आणि बहुतेक ठिकाणी दर कपाला असे दोन रकाने देतो. आकडा कपाचा बघा. १५ ग्रॅमच्या पाकिटात निम्मी साखर असेल तर साडेसात ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन चमचे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. दिवसात दोन सॅशे प्यायल्या की त्यातली १५ गेली.

‘वरून साखर घातलेली नाही’ असं लिहिलेलं पाकीट मधुमेह असणाऱ्यांनी डोळे मिटून घेऊ नये. त्यात दुधातली साखर असतेच, आणि माल्टोडेक्स्ट्रिन रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ‘नॉन-डेअरी’ या शब्दावरही विसंबू नये. अशा क्रीमरमध्ये सोडियम केसिनेट असू शकतं, आणि ते दुधाचंच प्रथिन.

कॅफीन एका सॅशेत साधारण ४० ते ६० मिलिग्रॅमच्या घरात असतं. निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रियांना २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात. चहातलं कॅफीनही याच हिशोबात धरायचं.

आपल्या हवेत साठवण

जून ते सप्टेंबर गोव्यात मीठ पाझरतं, बिस्किटं मऊ पडतात, आणि या पुडीत तर साखर आणि दूध पावडर, दोन्ही ओल ओढणारी. बंद सॅशेचा पदर ओल अडवतो, पण पुठ्ठ्याचा खोका अडवत नाही. उलट पुठ्ठा दमट होऊन पाकिटांना वास लावतो. म्हणून खोका उघडला की पाकिटं घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात टाका. डबा शेगडीच्या वरच्या फळीवर नको, तिथे भाताची वाफ रोज चढते. फ्रिजमध्येही नको. बाहेर काढल्यावर थंड पाकिटाला घाम सुटतो आणि उघडताना तो पुडीत जातो.

उघडं पाकीट क्लिप लावून ठेवलं तरी पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच फेस अर्ध्यावर येतो. फेसाच्या कणांचं कवच ओलीने आधीच मऊ होऊन वायू निसटलेला असतो. गुठळ्या बोटांनी सहज फुटत असतील आणि वास ताजा असेल तर पूड वापरा, फेसाची आशा तेवढी सोडा. चिकट झाली असेल, रंग गडद झाला असेल किंवा जुन्या तेलासारखा वास येत असेल तर फेकून द्या. तारीख उलटली नसली तरीही.

रिकामं पाकीट बऱ्याच थरांचं असतं, प्लास्टिकला धातूचा मुलामा. न्हाणीच्या चुलीत ते जाळू नका. झटकून सुक्या कचऱ्यात द्या.

रोजचीच सवय लागली तर

आठवड्यातून एखाद-दोनदा लागत असेल तर सॅशे सोयीची. रोज दोन कप लागायला लागले की घरी मिश्रण करणं परवडतं आणि साखर आपल्या हातात राहते. एक भाग इन्स्टंट कॉफी, दोन भाग दळलेली साखर, चार भाग साय न काढलेल्या दुधाची पावडर. सगळं कोरड्या मिक्सरच्या भांड्यात एकच झटका देऊन फिरवा आणि बरणीत भरा. बरणी लहान घ्या, पंधरवड्यात संपेल एवढीच. कपाला तीन चमचे गच्च भरून, पाणी १३० मिली, तेच ८५ अंशांचं. यात कोंडलेला वायू नाही, म्हणून फेस आपोआप येणार नाही. बॅटरीवर चालणारी छोटी रवी मिळते, ती पृष्ठभागाच्या किंचित खाली धरून वीस सेकंद फिरवा. रवी नसेल तर तीन चमचे पूड दोन चमचे पाण्यात घेऊन रंग फिका पडेपर्यंत चमच्याने फेटा आणि मग वरून पाणी सोडा. साखर आवडीप्रमाणे दोनवरून दीड भागावर आणा, पण त्याखाली नको. साखर कमी झाली की फेटलेला फेस लवकर बसतो.